आरंभशूर आणि शेवट करणारे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आज तुमच्यापैकी बरेच जण कल्याण-डोंबिवलीहून लोकलने आलात, काही पुण्याहून सकाळच्या गाडीने. पुणेकर ज्या बोरघाटातून उतरले, त्याचीच गोष्ट सांगतो.

आगगाडी ठाण्याला आली १८५३ साली, कल्याणला १८५४ साली. पुण्याच्या वाटेवर मात्र सह्याद्री आडवा होता. घाटाचं काम १८५६ साली सुरू झालं. पहिल्या कंत्राटदाराने १८५९ मध्ये ते अर्ध्यावर सोडलं. दुसरे, सॉलोमन ट्रेडवेल, विलायतेहून आले आणि काही आठवड्यांतच आजारपणात वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी मायदेशाचं जहाज धरलं असतं, तर कुणी बोल लावला नसता. त्यांनी कंत्राट पुढे चालवलं, जाणकार माणसं कामावर नेमली. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांचंही १८६२ मध्ये निधन झालं. अखेर १८६३ साली घाट खुला झाला. २५ बोगदे, ८ मोठे पूल. त्यासाठी हजारो मजूर राबले, कित्येकांचे प्राण गेले. त्यांची नावं आपल्याला ठाऊकही नाहीत.

शाळेत आपल्याला 'आरंभशूर' ही पदवी सढळ हाताने मिळायची! ज्याने सुरू केलं त्यानेच संपवायचं, असा आपला समज. घाट वेगळं सांगतो. सुरू करणारा शेवटाला असेलच असं नाही. मागे राहिलेल्यांपैकी कुणीतरी "आता हे माझं" म्हणतं, तेव्हाच काम तडीस जातं. निरुपयोगी झालेलं काम खुशाल सोडावं. पण ज्याची कुणी वाट बघतंय, ते सोडू नये.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयाची नवी यादी करायला घेतली ती आपल्याच एका मैत्रिणीने. दर शनिवारी डोंबिवलीहून यायची. वहीत ६४० पुस्तकं तिच्या अक्षरात नोंदलेली आहेत. पुढची पानं कोरी आहेत. ती आज आपल्यात नाही. नाव घेतलं तर मला पुढे बोलता येणार नाही.

पण तिने काम कसं ठेवलंय पाहा. फाटकी पुस्तकं वेगळी बांधलेली, नोंद झालेल्या प्रत्येक खणावर चिठ्ठी. दुसऱ्या कुणालाही कुठून सुरू करायचं ते लगेच कळावं!

चार कपाटं उरली आहेत, प्रत्येकी पाच खण. दोघांनी बसलं तर एका शनिवारी एक खण होतो. म्हणजे वीस शनिवार. यादी नाही म्हणून मुलांना पुस्तकं घरी नेता येत नाहीत, हे बाईंनी मघाशी सांगितलंच.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी ग्रंथालयात असेन. जोडीला एक जण हवा. ६४१वं पुस्तक टेबलावर काढून ठेवलं आहे.