जुन्या ट्रॅक्टरवर नवे दिवे : आधी हिशेब, मग वायर

जेवणं आटोपली असतील तर वही-पेन घेऊन बसा. आज थोडी बेरीज आणि थोडा भागाकार करायचा आहे. गटाचा हिशेब लिहिणारीला तो मुळीच अवघड नाही.

आमच्या गटाकडे एक ट्रॅक्टर आहे. 35 हॉर्सपॉवरचा, आणि आमच्यातल्या निम्म्याजणींच्या लग्नाआधीचा. गटाच्या कर्जातून आम्ही तो जुनाच घेतला. इंजिन अजून ठणठणीत आहे. पण तो कारखान्यातून निघाला तेव्हा त्याच्यावर दोन हेडलाइट, मागे एक लाल दिवा आणि हॉर्न, एवढंच विजेचं सामान होतं. मग आम्ही मागे कामाचा मोठा हॅलोजन लावला. मोबाइलचा चार्जर आला, गाण्यांचा प्लेअर आला. प्रत्येक वेळी एक वायर वाढली. एवढी वीज येते कुठून, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सकाळच्या लिलावाला कांदा पोचवायचा होता. रात्री आठला ट्रॉली भरायला घेतली. डिझेल वाचावं म्हणून इंजिन बंद ठेवलं, दिवे मात्र सगळे चालू, गाणीही चालू. साडेदहाला किल्ली फिरवली तर नुसता 'टक' आवाज. ट्रॉली सोडवली, उतारावर ढकलून ट्रॅक्टर चालू केला, पुन्हा ट्रॉली जोडली आणि निघालो. पुढचे दिवे पिवळे पडले होते. ट्रॉलीचा लाल दिवा विझलेला होता, ते आम्हाला कळलंच नाही. मागून मोटरसायकलवर एक पोरगा आला. ट्रॉली त्याला अगदी जवळ आल्यावर दिसली. त्याने ब्रेक मारला आणि तो घसरून चारीत गेला. हात-गुडघे सोलवटले, पण जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने आम्हाला चहा दिला आणि एवढंच विचारलं, "ताई, ट्रॉलीला दिवा का नव्हता?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजचं हे बोलणं म्हणजे त्या माउलीला दिलेलं उत्तर समजा.

तालुक्याच्या गावच्या वायरिंगवाल्या दादांनी ट्रॅक्टर तपासला. ट्रॉलीकडे जाणारी वायर डिझेलच्या नळीला टेकून वितळली होती, आणि फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची तार गुंडाळली होती. दादा म्हणाले, "ताई, नशीब समजा. दिव्यावर भागलं. ट्रॅक्टर पेटला असता."

आता हिशेब. ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे आपली शिल्लक. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा डायनामो म्हणजे रोजची मजुरी. दिवे, चार्जर, प्लेअर हा खर्च. मजुरीपेक्षा खर्च जास्त झाला की शिल्लक मोडावी लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आमच्या जुन्या डायनामोची मजुरी आहे 11 अँपिअर. तीही इंजिन चांगलं फिरत असताना. इंजिन मंद ठेवलं तर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, आणि बंद असलं तर शून्य. खर्च काढायची रीत सोपी आहे. प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. त्यांची बेरीज करायची आणि 12 व्होल्टने भागायचं. येतील ते अँपिअर.

आमची यादी अशी होती. दोन हेडलाइट 55 वॅटचे, म्हणजे 110. मागचा हॅलोजन 55. प्लेअर 40. मोबाइलचा चार्जर 10. ट्रॉलीचे दोन लाल दिवे 5 वॅटचे, म्हणजे 10. एकूण 225 वॅट. भागिले 12, म्हणजे पावणेएकोणीस अँपिअर. मजुरी 11 आणि खर्च पावणेएकोणीस! त्यात त्या रात्री अडीच तास इंजिनच बंद. 75 अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीतून आम्ही 45 च्या आसपास उपसले होते. स्टार्टरला ताकद उरणार कुठून?

मग आम्ही दोन याद्या केल्या. एक शेताची, एक रस्त्याची.

शेतात हेडलाइट बंद. त्याऐवजी 18 वॅटचे दोन एलईडी कामाचे दिवे, चार्जर आणि 10 वॅटचा छोटा रेडिओ. बेरीज 56 वॅट, म्हणजे पाच अँपिअरच्या आत. आता अडीच तास इंजिन बंद ठेवून ट्रॉली भरली तरी बॅटरीतून 12 अँपिअर-तासच जातात.

रस्त्यावर कामाचे दिवे आणि रेडिओ बंद. हेडलाइट, चार्जर आणि ट्रॉलीचे 2 वॅटचे दोन एलईडी लाल दिवे. बेरीज 124 वॅट, म्हणजे सव्वादहा अँपिअरच्या आसपास. 11 च्या आत बसलं. कामाचा एलईडी रस्त्यावर लावूच नका. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि एक अपघात टाळताना दुसरा होतो.

काही खरेदी करण्याआधी आपल्या ट्रॅक्टरवर दोन गोष्टी पाहा. पहिली, बॅटरी किती व्होल्टची आहे. बॅटरीवर पाणी घालायची झाकणं असतील तर मोजा. तीन असतील तर 6 व्होल्ट, सहा असतील तर 12. फार जुन्या काही ट्रॅक्टरना 6 व्होल्टची बॅटरी असते, त्यावर आजचा 12 व्होल्टचा दिवा नीट लागत नाही. दुसरी, बॅटरीचं कोणतं टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलंय. बहुतेक ठिकाणी वजा जोडलेलं असतं. पण काही फार जुन्या ट्रॅक्टरना अधिक टोक अंगाला असतं. तिथे आजचा चार्जर किंवा प्लेअर नेहमीसारखा जोडला तर तो जळतो. तसं दिसलं तर हात न लावता वायरिंगवाल्याला बोलवा. डायनामोसकट बदल करावा लागतो, ते त्यांचं काम.

आता वायरिंगचे नियम. काम मिस्त्रीच करतील, पण समोर उभं राहून ते असंच करून घ्या. बॅटरीच्या अधिक टोकापासून निघणाऱ्या नव्या वायरीला एक वीत अंतराच्या आत फ्यूज हवा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. तो उडाला तर कारण शोधा. तार किंवा चांदीचा कागद कधीही लावू नका. हेडलाइटचा भार स्विचवर न टाकता मध्ये रिले लावून घ्या. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश हवा, आणि डिझेलच्या नळीपासून ती लांब हवी. पीळ मारून चिकटपट्टी लावलेला जोड धक्क्यांनी सुटतो. ट्रॉलीच्या दिव्यांना परतीची वायर वेगळी ओढून घ्या. ट्रॉली जोडायच्या पिनेतून ती वीज नीट परत येत नाही, म्हणून दिवे लुकलुकतात.

आणि आपल्यासाठी खास. बॅटरीला हात लावायच्या आधी धातूच्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवा किंवा झाकून घ्या. पान्हा एका टोकाला आणि बांगडी पत्र्याला टेकली की क्षणात धातू लाल होतो आणि कातडी जळते. बॅटरी सोडवताना अंगाला जोडलेली केबल आधी काढा, जोडताना ती शेवटी जोडा. इंजिन चालू असताना पदर खोचलेला हवा, पट्टा जवळच असतो. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून दसऱ्याला ट्रॅक्टर पुजताना निरांजन आणि उदबत्ती बॅटरीपासून लांब ठेवा.

गटात एक मल्टिमीटर घ्या. काहीशे रुपयांत मिळतो. आमच्या गटातल्या एका वहिनींनी तो शिकून घेतला. सुरुवातीला पारावरची मंडळी हसली, आता तीच आपली बॅटरी तपासायला त्यांच्याकडे आणतात. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, 12 च्या खाली गेले तर बरीच रिकामी. इंजिन चांगलं फिरताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. त्याच्या खाली राहिले तर बॅटरी नीट भरत नाही. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय, तो मोबाइल आणि एलईडी दोन्ही घालवील. ट्रॅक्टर स्टार्ट करताना मोबाइल चार्जरला लावलेला नको, तेव्हा वीज खालीवर होते.

खर्च कमी करूनही भागत नसेल तर मजुरी वाढवायची. डायनामो काढून अल्टरनेटर बसवता येतो. तो 35 अँपिअरच्या आसपास देतो आणि मंद इंजिनावरही बॅटरी भरतो. आम्ही त्यासाठी गटात पैसे साठवतोय. पण आधी याद्या केल्या म्हणून तोवर काम अडलं नाही.

शेवटचं सांगतो. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी आजच चिकटवा. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. आणि निघण्याआधी एकीने खाली उतरून, ट्रॉलीच्या मागे जाऊन लाल दिवा लागलाय का, ते डोळ्यांनी पाहायचं. आमच्या गटात आता ते पाहिल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही.