वास्तू जपायची तर तिचं दार उघडं ठेवा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून मी माझे दोन शब्द मांडतो. मी काही विद्वान नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेला धागा जोडणारा माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढं जे काही वाचायला-लिहायला शिकलो ते या विहारामागच्या कौलारू खोलीत, रात्रशाळेत. आज त्याच खोलीबद्दल बोलायचं आहे. ती पाडून तिथं चार गाळे काढावेत, अशी चर्चा वस्तीत चालू आहे. गाळ्यांचं भाडं येईल, विहाराचा खर्च भागेल, असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण निर्णय घेण्याआधी माझं थोडं ऐका.

साताऱ्यात १८५१ साली सुरू झालेली एक सरकारी शाळा आहे. आज तिचं नाव छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. बाबासाहेब तिथं शिकले तेव्हा ती जुन्या राजवाड्याच्या वास्तूत भरत असे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर एका मुलाचं नाव चढलं, भिवा रामजी आंबेडकर. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायचं गोणपाट रोज घरून न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. तहान लागली तर शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी नाही.

म्हणजे राजाच्या वाड्यात शाळा आली, आणि त्या शाळेनं आपला अपमानही पाहिला आणि आपल्या उद्धारकाची विद्याही पाहिली. महाराष्ट्र शासनानं २०१७ साली ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. कशाच्या आधारावर? रजिस्टरातल्या एका ओळीच्या! वाड्याला नुसतं कुलूप राहिलं असतं, किंवा कुणी ते दप्तर रद्दीत घातलं असतं, तर ही तारीख आपल्याला कळली असती का?

आता याच्या उलट उदाहरण सांगतो. आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी अमरावती नावाचं गाव आहे. तिथं आपला महास्तूप होता. १७९७ साली कॉलिन मॅकेन्झी नावाचा ब्रिटिश अधिकारी तिथं पोचला, तेव्हा स्तूपाचे दगड नव्या बांधकामासाठी उपसले जात होते. दगड नेणारे स्तूपाचे वैरी होते असं नाही. तिथली वंदना कधीच थांबली होती, भिक्खुसंघ उरला नव्हता. लोकांना तो दगडांचा ढीग वाटला. उरलेली शिल्पं आज चेन्नईच्या आणि लंडनच्या म्युझियममध्ये आहेत. ज्या वास्तूत माणसाचा वावर नाही, तिची दगडखाण व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? आपलं जुनं विहार पाडायचा ठराव झाला, तेव्हा मीही हात वर केला होता. सागवानी वासे भंगारवाल्यानं नेले. वर्गणीदारांची नावं कोरलेला दगड पायात खडी म्हणून गेला. त्यावर माझ्या आईचं नाव होतं. दुसऱ्याच्या शेतात खुरपून तिनं ती वर्गणी दिली होती. दगडाचा साधा फोटोसुद्धा आम्ही काढला नाही. नवं विहार छान झालं, पण ती चूक मला अजून झोपू देत नाही.

खोली पडायला आली आहे, असं म्हणतात. मी शिडी लावून पाहून आलो. कौलं फुटली आहेत, पन्हळ पाल्यानं तुंबली आहे. चुन्यात बांधलेल्या मागच्या भिंतीला आपणच सिमेंटचा गिलावा केला, त्यामुळं आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत भुसभुशीत होते. कोपऱ्यात पिंपळाचं रोप आलं आहे. बोधिवृक्ष म्हणून कुणी हात लावत नाही. अहो, ते जपून काढून अंगणात लावा. झाड जगेल, भिंतही जगेल!

माझ्या शब्दावर जाऊ नका, जाणकार इंजिनिअरला दाखवा. तो धोक्याची म्हणाला तर मुलांच्या जिवापेक्षा भिंत मोठी नाही. मग आधी मोजमाप घ्या, फोटो काढा, नावं उतरवून घ्या आणि मगच पाडा. पण दुरुस्त होण्यासारखी असेल तर शाकारणी करू, चुन्याचा गिलावा करू. संध्याकाळी पोरांची अभ्यासिका, रविवारी महिला मंडळाची बैठक. ज्या घरात दोन खोल्यांत सात माणसं राहतात, तिथली पोरगी दहावीचा अभ्यास कुठं करणार? खर्चासाठी घरटी महिन्याला वीस रुपये आणि बाकी श्रमदान.

त्या खोलीच्या कपाटात रात्रशाळेचे जुने हजेरीपट आहेत. तुमच्या वडिलांची, चुलत्यांची नावं त्यात आहेत. साताऱ्याचं रजिस्टर जगाला ठाऊक झालं, आपलं वाळवीला द्यायचं का?

येत्या रविवारी सकाळी आठला मी शिडी आणि घमेलं घेऊन येतो. ज्यांना पटलं त्यांनी यावं. ज्यांना पटलं नाही त्यांनीही यावं, कपाट उघडून आपल्या माणसाचं नाव वाचावं, आणि मग काय ते ठरवावं.

नमो बुद्धाय! जयभीम!