'आता बरा दिसतो हो!'

मंडळी, मेंदूला मार लागलेल्या माणसाबद्दल एक वाक्य आपण फार लवकर बोलून मोकळे होतो: 'आता अगदी बरा दिसतो हो!' टाके सुकलेले, केस उगवलेले, चालणंही ठीक. पण घाटकोपरला हंडीच्या थरावरून पडलेला गोविंदा किंवा बोरिवली लोकलच्या दारातून निसटलेला नोकरदार घरी येतो, तेव्हा निराळंच दुखणं सुरू होतं. सकाळी तो उठून बसतो आणि बसूनच राहतो. दात घासायचेत हे त्याला ठाऊक असतं. सुरुवात होत नाही. दुपारी कुकरच्या शिट्टीवरून आईवर खेकसतो. घरचे म्हणतात आळशी झाला, शेजारी म्हणतात लाडावलाय. खरं तर कामाला लावणारा आणि रागाला आवरणारा, मेंदूचा कपाळामागचा भागच दुखावलेला असतो.

याचं औषध कामातच शोधायचं, ही कल्पना मुंबईला जुनी आहे. 1950 साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. बाई मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर कमलाबाई झाल्या.

पण मुलुंडहून परळला न्यायचं म्हणजे घरातल्या एकाचा रोज बुडतो, आणि गर्दीगोंगाटानं रुग्णाचा मेंदू पोचण्याआधीच थकतो. शिवाय तिथल्या टेबलावर जमलेला चहा घरच्या ओट्यावर जमेलच असं नाही. दुखावलेला मेंदू एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी सहजी नेत नाही. म्हणून शिकवायचं ते त्याच्याच गल्लीत. 1978च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं हाच विचार 'समाजाधारित पुनर्वसन' म्हणून मांडला. नाव जड आहे, काम भाजी आणण्याचं.

चिठ्ठीवर तीनच जिन्नस. रोज तोच भाजीवाला, अकराची निवांत वेळ. भाजीवाल्याला आधीच सांगून ठेवायचं: सुट्टे त्याला मोजू द्या, तुम्ही मोजू नका. वॉचमननं 'कुठे निघालात?' एवढंच विचारायचं, दंड धरायचा नाही. आईनं पहिला आठवडा दहा पावलं मागे राहायचं, मग गेटपाशी, मग खिडकीत. आईला खिडकीत थांबवणं हाच यातला सर्वांत अवघड भाग, हे मात्र कुठल्याही पुस्तिकेत ठळक छापलेलं नसतं. कधी मिरच्या राहतील, कधी कोथिंबीर दोनदा येईल. येऊ द्या.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. मेंदूच्या इजेचं स्वतंत्र नाव त्यांत नाही. दाखल्यासाठी लुळा हात मोजता येतो. दहा मिनिटांपूर्वीचं न आठवणं कोणत्या रकान्यात घालायचं, यापायी घरच्यांच्या चपला झिजतात.

तोवर आपल्या हातातलं करू. या व्याख्यानमालेला खुर्च्या मांडायला माणसं लागतात. उद्या अशा एखाद्याला बोलवा. 'चार ओळी, प्रत्येकी बारा' असा कागद त्याच्या हाती द्या. एखादी ओळ अकराची झाली, तर लगेच सरसावून बारावी लावू नका. जरा थांबा, त्याला मोजू द्या.