भाड्याची सामग्री आणि पदरचे जिन्नस

१९८३ साली संरक्षित झालेल्या ईजिप्तच्या रास मोहम्मद उद्यानात, तांबड्या समुद्रातील प्रवाळांमध्ये बुडी घेऊ इच्छिणाऱ्या प्रवाशाने हवेची टाकी, वजनाचा पट्टा व फुगणारे जाकीट तेथेच भाड्याने घ्यावे, हे विमानातील सामानाची मर्यादा पाहता रास्तच होय. मुखवटा मात्र, प्रत्येकाच्या चेहऱ्याची ठेवण निराळी असल्याने, स्वतःचाच न्यावा. खरेदीच्या वेळी तो पट्ट्याविना चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढावा आणि हात काढल्यावरही तो चिकटून राहिला, तरच पैसे मोजावेत. नव्या काचेवरील कारखान्याचा अदृश्य थर टूथपेस्टने घासून काढावा, अन्यथा पाण्याखाली काचेवर वाफ धरते.

त्याहूनही अगत्याचा जिन्नस म्हणजे मनगटावरील डाइव्ह कॉम्प्युटर. कारण शरीरात साचणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब तो बुडीगणिक ठेवीत असतो, आणि भाड्याचे यंत्र रोज बदलले, तर कालच्या बुडीची नोंद आजच्या यंत्राच्या दप्तरी नसते. अपरिचितांच्या दातांनी चावलेले, टाकीतील हवा पुरविणाऱ्या रेग्युलेटरचे रबरी तोंड ज्यांना किळसवाणे वाटते, आणि ते कोणाला वाटणार नाही, त्यांनी स्वतःचे तसे रबरी तोंड व ते आवळावयाची प्लास्टिकची पट्टी जवळ बाळगावी. सुरी व हातमोजे घरीच असू द्यावेत. त्या उद्यानात दोहोंस मनाई आहे. डाइव्ह कॉम्प्युटरचे सुटे लिथियम सेल विमानात हातातील पिशवीतच ठेवावेत.