विटेवरचा देव आणि फलाटावरची माणसे
(चंदनसार, विरार पूर्व येथे हरिनाम सप्ताहात झालेले कीर्तन, ध्वनिमुद्रणावरून)



सेवेला घेतलेला अभंग आपण सगळ्यांनी मिळून म्हटला. तुकोबारायांनी त्यात साधूची खूण सांगितली. कपडे सांगितले नाहीत, टिळा सांगितला नाही. गांजलेल्याला जो आपला म्हणतो त्याच्यापाशी देव आहे म्हणाले, आणि मोकळे झाले. आता हे पुस्तक हातात घेऊन घरी वाचणाऱ्या माऊलींना टाळ ऐकू येणार नाहीत. त्यांनी मनातल्या मनात एकदा विठ्ठल म्हणावे आणि पुढे वाचावे.

पंढरपूरचा देव उभा का आहे, सांगा बरं. लहान मुलालाही ठाऊक आहे. पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता. देव दारात आला. पुंडलिकाने वळूनही पाहिले नाही, हाताशी असलेली वीट मागे सरकवली आणि म्हणाला, यावर उभा राहा, माझी सेवा व्हायची आहे. अठ्ठावीस युगे झाली, देव अजून उभाच. आता माझी एक शंका आहे. पुंडलिकाने ती वीट फेकण्याआधी पुसली असेल की नाही? ग्रंथात लिहिलेले नाही. पण ज्याच्या हाताला सेवेची सवय, तो पाहुण्याला चिखलाची वीट देईल? माझे मन तरी मानत नाही.

हे मी चंदनसारमध्ये का सांगतो? कारण उभे राहणे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही! पहाटे रिक्षा धरायची, विरार स्टेशनला जायचे, पूल चढायचा, उतरायचा आणि फलाटावर उभे राहायचे. गाडीत पुन्हा उभे. देवाची वीट एक, तुमच्या विटेला नंबर आहेत. (हशा) मग माझा प्रश्न एवढाच, की रोज हजारो पांडुरंग ज्या विटेवर उभे राहतात ती वीट पुसायची कोणी?

ही वीट जुनी आहे, बरं का. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुटली. जाताना एक, येताना एक, दिवसाला एवढीच. सकाळी पावणेसातला निघायची, संध्याकाळी साडेपाचला परत फिरायची. कोळशाची गाडी. वीज विरारपर्यंत आली ती १९३६ साली. पुढे २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली, तेव्हा वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघरच्या माणसाला विरार हे शेवट न राहता वाटेतले गाव झाले. आगाशी, निर्मळकडची फुले याच वाटेने पहाटे दादरला जातात. तुम्ही देवाला हार घालता ना, त्याने आधी लोकलचा प्रवास केलेला असतो.

आता संत आठवू. गाडगेबाबा आठवू. १८७६ चा जन्म. गावात शिरले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच जागेवर कीर्तन. आधी जमीन साफ, मग माणसाचे डोके साफ, हा त्यांचा क्रम. आम्ही कीर्तनकार काय करतो? आधी विचारतो, माइक चांगला आहे का. पाया पडलेले बाबांना खपत नसे. आणि गंमत पाहा, बाबांचे अखेरचे कीर्तन कुठे झाले? पंढरपूरला नाही, देहूला नाही. तुमच्याच रेल्वेच्या वाटेवर, वांद्र्याला, नोव्हेंबर १९५६ मध्ये. २० डिसेंबरला बाबा गेले. तुम्ही रोज वांद्र्यावरून जाता. उद्या गाडी तिथे थांबली की खिडकीतून एकदा हात जोडा. दारात लटकून जात असाल तर जोडू नका, दोन्ही हात दांड्याला असू द्या!

बाबांचा खराटा कोणी उचलला का? उचलला. २०१६ साली गांधीजयंतीच्या आठवड्यात मुंबईतल्या कितीतरी स्थानकांवर हजारो स्वयंसेवक उतरले. कॉलेजची मुले, नोकरदार, घरच्या बाया. भिंती घासल्या, धुतल्या, रंगवल्या. तिकडे विदर्भात चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोन स्थानकांच्या भिंतींवर ताडोबाचे वाघ आले, जंगल आले, आणि २०१८ साली रेल्वेने घेतलेल्या सजावटीच्या स्पर्धेत ही आपली दोन्ही स्थानके देशात पहिली ठरली. त्याच स्पर्धेत बिहारचे मधुबनी मदुराईबरोबर दुसरे आले. तिथे गावच्या चित्रकारांनी, त्यात बाया पुष्कळ, मजुरी न घेता सगळे स्टेशन आपल्या चित्रांनी भरून काढले. ज्या भिंतीवर लोक थुंकत होते तिथे सीता आली, रामराया आले. आता थुंका!

पण रंग दोन पावसाळे टिकतो, माऊली. खरी कसोटी त्यानंतरची. एक दृष्टांत सांगतो, तो परमुलखातला आहे, पण भक्ताला मुलूख नसतो.

इंग्लंडमध्ये सेटल नावाच्या गावापासून कार्लाइल शहरापर्यंत डोंगरातून एक रेल्वे जाते. बहात्तर मैलांची वाट. तिच्यावर एक मोठा पूल आहे, चोवीस कमानींचा. पूल जुना झाला, दुरुस्ती महाग, उतारू कमी. रेल्वेवाल्यांनी ठरवले, बंद करू. बारीक बारीक स्टेशने तर आधीच बंद पडली होती. तेव्हा त्या वाटेवरची माणसे जमली. त्यांनी नाव काय घेतले? मालक नाही, नेते नाही, त्या लाइनचे 'मित्र'. हरकतींच्या सह्या गोळा केल्या. बत्तीस हजार! आणि त्यात एक सही कुत्र्याची. हसू नका. त्या मित्रमंडळातले एक गृहस्थ होते ग्रॅहॅम नटॉल, त्यांच्या कुत्र्याचे नाव रस्सप. तोही तिकीट काढून प्रवास करणारा उतारू, म्हणून त्याच्या पंजाचा ठसा सह्यांमध्ये धरला गेला. ११ एप्रिल १९८९ रोजी सरकारने सांगितले, लाइन बंद होणार नाही.

पुढचे ऐका. १९९० च्या जानेवारीत नटॉल त्या कुत्र्याला घेऊन वेल्सच्या डोंगरात फिरायला गेले ते परतलेच नाहीत. लोकांनी शोधले, सापडले नाहीत. एप्रिलमध्ये ओढ्याकाठी त्यांचा देह मिळाला. आणि शेजारी रस्सप. अकरा आठवडे. थंडी, पाऊस, खायला काय मिळाले असेल देव जाणे. धन्याला सोडून गेला नाही. धन्याला मूठमाती मिळेपर्यंत जगला आणि थोड्याच दिवसांत गेला. त्या लाइनवर गार्सडेल नावाचे छोटे स्टेशन आहे, तिथल्या फलाटावर २००९ पासून त्याचा पुतळा आहे.

धर्मराजाने कुत्र्याशिवाय स्वर्गात जायचे नाकारले. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, देवा कोरडी खाऊ नको म्हणून. आणि तिथे कुत्र्याने माणसाला सोडले नाही. कथा तीन, पण न सोडणे एकच. तिथले मित्र आजही आहेत. फलाटावरची फुलझाडे बघतात, दुकान चालवतात, येणाऱ्याला वाट सांगतात. लाइन वाचली, आता आपले काम संपले, असे म्हणून घरी बसले नाहीत.

(नामगजर)

आता मी स्वतःचे सांगतो. हे छापायचे नव्हते, पण छापा.

मी नोकरीत असताना बावीस वर्षे विरार-चर्चगेट केले. आमचे गाडीतले भजनी मंडळ होते. टाळ, ढोलकी, दसऱ्याच्या आधी डब्याला झेंडूची तोरणे, मोटरमनला पेढे. आमच्या जागा ठरलेल्या, रुमाल टाकून धरलेल्या. आम्हाला वाटायचे, आम्ही डब्याची पंढरी केली. एका संध्याकाळी परतीच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ चढले. त्यांना भाईंदरला उतरायचे होते. विरारच्या गाडीत भाईंदरचा माणूस, म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दारात आमचीच मंडळी. कोणी हलले नाही. मीही हललो नाही, कारण माझा अंतरा चालू होता. भाईंदर गेले, खाडी आली. त्यांच्या हातात औषधांची पिशवी होती. नायगावला ते उतरले. उतरताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "महाराज, भजन छान म्हणता." बस, एवढेच. शिवी दिली असती तर मी विसरलो असतो.

ती संध्याकाळ मला सोडत नाही. घरात कोणाला औषधाची वाट होती, किती उशीर झाला, काय झाले, मला कळले नाही, आता कळणारही नाही. म्हणून तुमच्यापुढे बोलायचा अधिकार मला थोडाच आहे, तरी सांगतो. स्टेशन म्हणजे भिंत नव्हे. भिंत रंगवली आणि भाईंदरच्या माणसाला उतरू दिले नाही, तर तो रंग कशाचा?

दिंडीत काय नियम असतो? मागचा दमला की पुढचा थांबतो. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. त्यांचा रामेश्वर वाटेतच झाला. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारावर माणसे आत. सरकारची पथके आली, नावा आल्या, पण चामटोली आणि आसपासच्या गावची माणसेही मदतीला धावली. त्यांनी विचारले का, तुम्ही कुठल्या गावचे?

आता चंदनसारच्या तरुण मंडळींनो, तुम्ही मघाशी म्हणालात, महाराज, आम्हीही काही करतो. करा. पण चार गोष्टी ऐका. स्टेशन मास्तरला आधी भेटा, परवानगीशिवाय एक कुंडीही ठेवू नका. रुळांत कोणी उतरायचे नाही, कचरा उचलायलाही नाही. ते काम रेल्वेच्या माणसांचे, ते शिकलेले असतात. २०२३ या एका सालात मुंबईच्या लोकलच्या हद्दीत अडीच हजारांवर माणसे गेली, त्यात रूळ ओलांडणारी किती! त्यापेक्षा पुलाच्या तोंडाशी दोघे उभे राहा. रूळ ओलांडायला निघालेल्याला हात जोडून पुलाकडे वळवा. सफाळ्याकडची बाई भाजीची पाटी घेऊन चढत असेल तर पाटीला हात लावा. कोणी पडले, कोणाचे सामान गेले, तर १३९ आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२, हे नंबर पाठ असू द्या. आणि मंडळाचे नाव भिंतीवर रंगवायचे नाही. बाबांनी झाडलेल्या गावात बाबांचे नाव कुठे लिहिले होते?

घरातल्या मावश्यांनाही सांगतो, तुम्ही मागे राहू नका. आठवड्यातून एक तास. जीवदानीच्या एवढ्या पायऱ्या चढता, स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या त्याच आईच्या समजा.

वेळ झाली. बोरिवलीहून आलेल्या टाळकरी मंडळींना गाडी गाठायची आहे, त्यांना आधी प्रसाद द्या, वाट द्या. द्रोण इथे टाकू नका, तिकडे कोपऱ्यात पोते ठेवले आहे. आणि उद्या सकाळी भाईंदरला कोणी उतरणारा असेल, तर दारातल्या माऊली, जरा आत सरका.

उभे राहा, आरती घ्या.