श्वासोपचाराचे क्षेत्र आणि आपली मुले
(वर्धापनदिनी विहारात झालेले भाषण)



बारावी सायन्स म्हटले की आपल्या घरात डॉक्टर नाहीतर नर्स, एवढेच बोलले जाते. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणजे पोरगं वाया गेलं, असे धरून बसणारे पालक आम्ही पाहतो. म्हणून आम्ही करतो त्या कामाची माहिती द्यावी म्हणतो. रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वासोपचार करणारा.

कोरोनाच्या २०२१ च्या लाटेत व्हेंटिलेटर हा शब्द घरोघरी पोचला. पण ते यंत्र सांभाळतो कोण? डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे ते रुग्णाला जुळवायचे, नळीतला कफ ओढून काढायचा, मनगटाच्या धमनीतले रक्त घेऊन त्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड पाहायचा, रुग्ण सुधारला की हळूहळू यंत्र सोडवायचे. दमेकऱ्याला पंप कसा ओढायचा हे शिकवणेही त्यातच येते.

हे नुसते बटण दाबणे नव्हे. वर्षानुवर्षे विडी ओढलेले आजोबा किंवा चुलीच्या धुरात जन्म गेलेली आजी दम लागून येते. नातेवाईक यंत्रावर ९० आकडा पाहतात आणि ओरडतात, "अहो, ऑक्सिजन वाढवा!" एरवी ९५ च्या वर हवा, हे खरे. पण अशा जुनाट आजारात बहुधा ८८ ते ९२ वरच ठेवावा लागतो. जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. हे ज्याला कळते तोच तिथे उभा राहू शकतो. त्यासाठी शिक्षण लागते.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवे. पदवी साधारण चार वर्षांची, त्यातले एक वर्ष रुग्णालयात इंटर्नशिपचे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मणिपाल अशा ठिकाणी हा अभ्यासक्रम आहे. प्रवेशाचे नियम मात्र संस्थेगणिक वेगळे, ते त्या वर्षीचेच वाचा.

आता पालकांनो, जरा कान देऊन ऐका. गल्लीबोळात पाटी लावून "सहा महिन्यांत आय.सी.यू. टेक्निशियन, नोकरीची हमी" म्हणणारे पुष्कळ आहेत. दागिने मोडून तिथे पैसे भरू नका. २०२१ साली केंद्राने अशा सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला आहे. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, पदवी कोणते विद्यापीठ देते आणि इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, हे लेखी मागा. लेखी देत नसतील तर उठून या.

काम रात्रपाळीचे आहे. मृत्यू जवळून पाहावा लागतो. नोकऱ्या बहुतेक मोठ्या शहरांत. मुलींना रात्री कसे पाठवायचे, असे आयाबाया विचारतात. आमचे म्हणणे एवढेच, की नर्स झालेल्या लेकी रात्रपाळी करतातच ना?

फीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आताच काढा. जात पडताळणीचा अर्ज बारावीतच टाका, निकालानंतर धावपळ होते. परराज्यात शिकायचे असेल तर प्रवेश घेण्याआधी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे, त्यांनी भोजनदानानंतर थोडे थांबावे. गुणपत्रिका घरी असेल तर पोराला पळवा, घेऊन येऊ द्या. आम्ही इथेच बसलो आहोत.