गिधाडं, गोठा आणि आपण

(दूध व्यवसाय करणाऱ्या बायकांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत ‘गिधाडं’ हा विषय बघून सकाळी बऱ्याच जणी हसल्या. साहजिक आहे. आपल्या भाषणांत आणि पथनाट्यांत गिधाड येतं ते बाईवर तुटून पडणाऱ्या पुरुषासाठी. ‘लचके तोडणारी गिधाडं’ हे शब्द आपल्या तोंडी बसलेत. वास्तविक हा पक्षी सहसा जिवंत प्राण्याच्या वाटेला जात नाही, मेलेलं खातो. सीतेला पळवणाऱ्या रावणाला आडवा गेला तो जटायूही गिधाडच. इगतपुरीजवळ टाकेदला तो पडला, असं लोक मानतात. शिवाय या पक्ष्यांत नर आणि मादी दोघंही आळीपाळीने अंडं उबवतात. आपल्या किती घरांत हे होतं?

पण ‘बिचारा पक्षी’ म्हणा, हे सांगायला मी उभी नाही. हा पक्षी आपल्या गोठ्यातून मेला आणि त्याची किंमत आपणच मोजली, म्हणून हा विषय घेतला.

ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांना आठवत असेल. गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि काही तासांत नुसता सांगाडा उरायचा. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातली घट विभु प्रकाश या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जगापुढे मांडली. साथीचा रोग असावा, असं आधी वाटलं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतलं हजारात एक उरलं. लांब चोचीच्या गिधाडांतली शंभरातली सुमारे ९७ गेली. वर्षाला एकच अंडं घालणारा हा पक्षी, तो अशी तूट भरून काढणार कशी?

कारण सापडलं २००४ मध्ये, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. ते होतं डायक्लोफिनॅक, आपण गुडघेदुखीला घेतो तेच औषध. स्वस्त झालं तसं ते गुरांनाही देऊ लागले. गाईला दगडी झाली, पाय सुजला, ताप भरला, की दे इंजेक्शन. जनावर वाचलं तर प्रश्न नाही. पण सुई टोचल्यावर एक-दोन दिवसांत ते मेलं, तर औषध मांसात राहतं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचे पांढरे थर बसतात आणि काही दिवसांत ते मरतं. गिधाडं थव्याने जेवतात. त्यामुळे शंभर ढोरांमागे एकात जरी हे औषध असलं, तरी एवढा संहार व्हायला पुरेसं होतं.

प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्याची चिमणी किंवा फेसाळलेली नदी येते. हे प्रदूषण सुईतून आलं, औषध म्हणून आलं. त्याला ना वास, ना रंग.

आता गोठ्यात येऊ. शेण कोण काढतं? वैरण-पाणी, धार कोण बघतं? डॉक्टर येतात तेव्हा जनावराचं तोंड धरून कोण उभी असते? आपणच. पण सुईत काय आहे ते सांगायचं झालं तर मालकाला सांगतात, नाहीतर कुणालाच नाही. बाटलीवरचं नाव इंग्रजीत. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक सरकारने २००६ मध्ये थांबवलं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये एका वेळेपुरत्या ३ मिलीपेक्षा मोठ्या बाटलीवर बंदी आली. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक ही तशीच घातक औषधं जनावरांसाठी बंद झाली ती २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस. हे निर्णय तुमच्यापैकी कितीजणींपर्यंत पोचले? दूध संकलन केंद्रावर फॅट लागल्याची चिठ्ठी रोज मिळते, बंदीची कधी मिळत नाही.

यात बाईचा दोष आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. गाय उद्या उभी राहिली नाही तर कर्जाचा हप्ता थकतो. दोष आहे तो हे औषध पुढे कोणाच्या पोटात जाणार हा प्रश्न न विचारता परवानगी देणाऱ्यांचा.

गिधाडं गेली आणि टाकलेल्या ढोरांवर कुत्री वाढली. १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे किमान ५५ लाख कुत्री वाढली आणि रेबीजने सुमारे ४७ हजार जास्तीची माणसं गेली, असा अंदाज २००८ मध्ये एका अभ्यासाने मांडला. २०२४ मध्ये आयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचे जिल्हे आणि बिगर-गिधाडांचे जिल्हे यांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात पाच लाखांहून अधिक जादा मृत्यू, असा त्यांचा हिशेब. त्यात रेबीज आहे, तसंच सडक्या मांसाने बिघडलेलं पाणीही आहे. ते पाणी भरणारी कोण आणि चावलेलं पोर कडेवर घेऊन, मजुरी बुडवून तालुक्याला जाणारी कोण, हे इथे सांगायला नको. (जाता जाता: चावल्यावर चुना, तिखट काही लावू नका. साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.)

आणखी एक अवघड गोष्ट. ‘पूर्वी गाव कसं स्वच्छ होतं’ असं म्हणताना ते ढोर ओढत कोण होतं? ते काम जातीने लादलं होतं. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला ते सोडा म्हणून सांगितलं. २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली आणि तिथल्या अनेकांनी हे काम नाकारलं. त्यांचं बरोबर होतं. मजेची गोष्ट अशी की महाडच्याच रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याकडे, गिधाडांची घरटी टिकून आहेत. त्यांना जगवायचं तर त्यांच्यापर्यंत बिनविषारी ढोर पोचायला हवं, पण ते कुणाच्या जातीच्या खांद्यावरून नको. ते काम ग्रामपंचायतीचं. गाडी, हातमोजे आणि पगार देऊन करायचं. नाशिक जिल्ह्यात हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केली आहे. निसर्गप्रेमी मंडळी अशा जागांची मागणी करतात तेव्हा तिथे राबणार कोण, हे आपण त्यांना विचारायला हवं.

काल गटचर्चेत एकीने विचारलं, ‘मग गाईला तडफडत ठेवायचं का?’ अजिबात नाही. मेलोक्सिकॅम आहे, टोल्फेनॅमिक अ‍ॅसिड आहे. दोन्ही गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत आणि गुरांना चालतात. डॉक्टरांना औषधाचं नाव मराठीत कागदावर लिहून मागायचं आणि गोठ्यात खिळ्याला अडकवायचं. दुकानदाराकडून पावती घ्यायची. औषध दिल्यावर लगेच जनावर दगावलं आणि औषध कोणतं ते माहीत नसेल, तर उघड्यावर टाकायचं नाही, खोल पुरायचं.

दुपारी आपण दोन पत्रं लिहिणार आहोत. एक दूध संघाला: बंदी असलेल्या औषधांची यादी प्रत्येक संकलन केंद्रावर मराठीत लावा. दुसरं आरोग्य केंद्राला: रेबीजची लस आणि सिरम किती शिल्लक आहे ते फळ्यावर लिहा. जेवणानंतर गावाप्रमाणे बसा, म्हणजे सह्या करायला सोपं पडेल.